सुटं ॲसिड विकणाऱ्या दुकानदारास खुलं पत्र

दुकानदार,

पत्राच्या माथ्यावर 'सा. न. वि. वि.' लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुम्हाला ते लिहायला माझा हात धजावत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

तुमच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक मोठा कॅन असतो. गल्लीबोळातून हातगाडीवर 'फिनेल, ॲसिड' ओरडत जाणारे तुमचे भाऊबंदही असाच कॅन घेऊन फिरतात. त्यातून नरसाळं लावून तुम्ही संडास-बाथरूम धुण्याचं ॲसिड भरून देता. गिऱ्हाइकाने बाटली आणली असेल तर तिच्यात, नसेल तर तुमच्याकडच्या रिकाम्या बाटल्यांतल्या एकीत. बाटली कधी पाण्याची, कधी थंड पेयाची, अंगावरचं संत्र्याचं चित्र तसंच. साखरेच्या पुड्यावर तुम्ही वजन लिहिता, उधारीच्या वहीत तारीख लिहिता, तांदळाच्या पोत्यात भावाची पाटी खोचता. ज्या वस्तूने माणसाचं गिळणं जन्मभरासाठी बंद होतं, तिच्यावर मात्र तुम्ही एक अक्षर लिहीत नाही. लिहायला येतं, तरी लिहीत नाही.

मी पोटाच्या विकारांची डॉक्टर आहे. तुम्ही भरलेल्या बाटलीचं पुढे काय होतं ते मला दुर्बिणीतून दिसतं. तुम्हाला ते कधी पाहावं लागलं नाही. तेव्हा आज वाचा.

माणसाच्या घशापासून जठरापर्यंत एक नळी जाते, तिला अन्ननलिका म्हणतात. मोठ्या माणसात ती सुमारे 25 सेंटिमीटर लांब असते, नुकत्याच जन्मलेल्या बाळात 8 ते 10 सेंटिमीटर. मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर ती सुरू होते, श्वासनलिकेच्या मागून आणि पाठीच्या कण्याच्या पुढून छातीत उतरते, हृदयाच्या पाठीमागून जाते आणि श्वासपटलातल्या भोकातून पोटात शिरून जठराला मिळते. घास नसतो तेव्हा ती मिटलेली, चपटी असते. आतलं अस्तर ओलसर आणि मऊ. गालाच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून पाहा. त्याच जातीचं अस्तर आत शेवटपर्यंत आहे.

आता गिळणं म्हणजे काय ते ऐका, कारण तुमच्या गुन्ह्याचं मर्म तिथेच आहे. तोंडातला घास किंवा घोट जिभेने मागे ढकलेपर्यंतच आपली सत्ता चालते. त्यापुढचं शरीर स्वतःच करतं आणि ते थांबवता येत नाही. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्याच्यावर झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप उघडते. हे सगळं सेकंदभरात. मग नळीतल्या स्नायूंची आकुंचनाची लाट वरून खाली धावते आणि आठ-दहा सेकंदांत घास जठराच्या दाराशी नेते. तिथली दुसरी झडप सैलावते, घास आत घेते आणि पुन्हा मिटते. वरच्या भागात हे स्नायू हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे आहेत, खालच्या भागात आतड्याच्या स्नायूंच्या जातीचे, मध्ये दोन्ही मिसळलेले. माणूस शीर्षासन करत असला तरी घास जठराकडेच जातो.

बाळ हे शिकायला उष्टावणाची वाट पाहत नाही. आईच्या पोटात असतानाच ते भोवतीचं पाणी गिळू लागतं. म्हणजे जन्माच्याही आधीपासून पक्की झालेली ही क्रिया आहे. आणि तिला उलटी वाट नाही. दोन वर्षांचं पोर तहानेनं बाटली तोंडाला लावतं, तेव्हा जिभेला झोंबेपर्यंत पहिला घोट झडपेच्या पलीकडे गेलेला असतो. पोर रडतं, उरलेलं थुंकतं, कपड्यावर सांडतं. घरच्यांना वाटतं, फारसं गेलं नसेल. कधी तोंडात एकही फोड नसतो. तोंडात भाजलेलं दिसत नाही म्हणजे आत भाजलेलं नाही, असं मात्र मुळीच नसतं.

या नळीला तीन ठिकाणी निसर्गतःच चिंचोळेपणा आहे. पहिला अगदी वर, झडपेशी. दुसरा छातीत, जिथे महाधमनीची कमान आणि डावी श्वासवाहिनी तिला चाटून जातात तिथे. तिसरा खाली, श्वासपटलातून आरपार जाताना. दातांपासून मोजलं तर साधारण 15, 25 आणि 40 सेंटिमीटरवर. तुमचं ॲसिड उतरताना याच जागी क्षणभर जास्त रेंगाळतं आणि याच जागी जास्त खोल जाळतं.

आणखी एक उणीव या नळीत आहे. जठराला आणि आतड्याला बाहेरून एक पातळ पण चिवट आवरण असतं. अन्ननलिकेला ते बहुतेक ठिकाणी नाही. भिंत जळून आरपार गेली की आतलं सगळं थेट छातीच्या पोकळीत, हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या भोवती पसरतं. त्यातून जीव वाचवणं आजही फार अवघड आहे.

तुमच्यापैकी एखादा शिकलेला मला सांगेल की जठरातही हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, मग एका घोटाने काय होणार. असतं, खरं आहे. पण जठराने स्वतःच्या ॲसिडपासून स्वतःला जपायची सोय केलेली आहे. त्याच्या भिंतीवर दाट बुळबुळीत थर असतो आणि त्या थरात आम्ल मारणारा क्षार पाझरत असतो. अन्ननलिकेला असलं चिलखत नाही. खालची झडप ढिली पडून जठरातलं पातळ आम्ल चमचा-दोन चमचे वर आलं, तरी छातीत जळजळ होते आणि आंबट ढेकर येतात. आपल्या घराघरात हा त्रास आहे. तो वर्षानुवर्षं चालू राहिला तर आत जखमा होतात, नळी अरुंद होते, खालच्या टोकाचं अस्तर आपला पोत बदलतं. अशा बदललेल्या अस्तराचं वर्णन नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यविशारदाने 1950 मध्ये केलं, म्हणून त्याला बॅरेटचं नाव आहे. काही थोड्या जणांत त्यातूनच पुढे कर्करोग होतो. शरीरानेच बनवलेलं चमचाभर आम्ल चुकीच्या जागी आलं तर इतकं करतं. तुमच्या कॅनमध्ये काय ताकदीचं आहे, ते तर तुम्हालाही ठाऊक नाही.

या नळीला दुखणी आधीच पुष्कळ आहेत. तीन-चार हजार जन्मांमागे साधारण एका बाळाची अन्ननलिका मध्येच बंद झालेली असते, बहुधा तिचा एक तुकडा श्वासनलिकेला जोडलेला. जन्मल्यानंतर लगेच शस्त्रक्रिया केली नाही तर ते बाळ जगत नाही. काही माणसांत खालची झडप उघडायचंच विसरते, वरची नळी फुगत जाते आणि खाल्लेलं तासन् तास छातीत साचून राहतं. याला अकॅलेशिया म्हणतात. इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी 1674 मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांनी देवमाशाच्या हाडाच्या काठीला स्पंजचा बोळा बांधून दिला होता आणि तो माणूस दर जेवणानंतर त्या काठीने अन्न खाली ढकलून वर्षानुवर्षं जगला. यकृत बिघडलेल्यांच्या अन्ननलिकेत शिरा फुगतात आणि फुटून रक्ताच्या उलट्या होतात. तंबाखू आणि दारूने कर्करोग होतो, आणि तो बहुतेकदा घास अडकू लागल्यावरच, म्हणजे उशिरा कळतो. या प्रत्येक दुखण्याशी आम्ही झुंजतो. त्यांतली काही कुणाच्याच चुकीने होत नाहीत. तुमच्या बाटलीने होणारी जखम मात्र पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. म्हणूनच मला तिचा सर्वांत जास्त राग येतो.

घोट गेल्यानंतर काय होतं ते आता क्रमाने सांगते.

ॲसिड लागलं की अस्तरातली प्रथिनं जागच्या जागी साकळतात आणि काळपट खपली धरते. ॲसिड भरभर खाली जठरात जातं. तिथे जठराचं खालचं दार आवळून बंद होतं आणि ते तळाशी साचून जठरही जाळतं. म्हणजे गिळण्याची वाट आणि पोटातून पुढे जाण्याची वाट, दोन्हींवर घाला. तुंबलेलं गटार मोकळं करायला तुम्ही जो कॉस्टिक सोडा देता, तो वेगळ्या रीतीने मारतो. तो मांसातली चरबी आणि प्रथिनं विरघळवत आत आत जातो, भिंतीच्या पार. दोन्हींचे परिणाम वेगळे, धोके वेगळे. अपघात विभागात आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हाच की बाटलीत काय होतं. पोराचा बाप बाटली पुढे करतो. तिच्यावर संत्र्याचं चित्र असतं.

पहिल्या दिवसा-दोन दिवसांत आम्ही दुर्बीण घालून आतली जखम पाहतो. फक्त लाली आणि सूज आहे, वरवरचे व्रण आहेत, नळीच्या सगळ्या बाजूंनी खोल व्रण आहेत, की काळं पडून मेलेलं मांस आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. या जखमांची आज जगभर वापरली जाणारी प्रतवारी 1991 मध्ये चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आपल्या देशातल्या डॉक्टरांना असल्या जखमा किती पाहाव्या लागल्या असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

वरवरची जखम पूर्ण बरी होते. खोल जखमेत पहिला आठवडा उलटल्यावर भिंत सर्वांत कमकुवत होते, तेव्हा नळी फाटण्याची भीती. ते दिवस सरले की मग येतात फसवे दिवस. दुखणं कमी होतं. पोर पेज घेतं, दूध घेतं, मऊ भात खातं, हसतं. घरचे नारळ फोडतात. आम्ही बजावून सांगतो की दर आठवड्याला दाखवायला आणा, पण बरं झालेलं पोर घेऊन एसटीने शहरात येणं आणि बापाचा रोज बुडवणं कोणाला परवडतं? आणि आत, त्याच दिवसांत, व्रण भरता भरता आकसत असतात. तिसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत हे आकसणं जोरात चालतं. आधी पोळीचा तुकडा अडतो. मग भात अडतो. मग पेज. शेवटी पोर स्वतःची लाळसुद्धा गिळू शकत नाही, सारखं रुमालात थुंकत राहतं. वजन उतरलेलं, डोळे खोल गेलेले, अशा अवस्थेत ते परत येतं.

नळीची आतली रुंदी साधारण 13 मिलिमीटरच्या खाली गेली की घट्ट घास अडकू लागतो. ती पुन्हा वाढवायला आम्ही दुर्बिणीतून एक बारीक तार खाली सोडतो आणि तारेवरून एकाहून एक जाड नळ्या घालत जातो, किंवा फुगा फुगवतो. घाई केली तर नळी फाटते, म्हणून एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच पुढे जायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा. त्यानंतर पुन्हा. मिळवलेली रुंदी पुढच्या खेपेपर्यंत अर्धी गेलेली असते. हे महिनोन् महिने चालतं, काहींचं कित्येक वर्षं. दर खेपेला उपाशी आणायचं, भूल द्यायची. शाळा बुडते. तोवर बऱ्याच मुलांच्या पोटाला बाहेरून भोक पाडून जठरात नळी बसवावी लागते आणि आई त्या नळीतून पातळ अन्न ओतते. ती ते कसं भरवते हे तुम्ही एकदा पाहायला हवं होतं. आईच्या हातात तुमच्यासारखंच नरसाळं असतं.

जन्मभर असं जगलेला एक माणूस वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या टॉम नावाच्या मुलाने 1895 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, उकळतं सूप घटाघटा प्यायलं आणि त्याची अन्ननलिका कायमची बंद झाली. डॉक्टरांनी त्याच्या जठराला पोटावर वाट काढून दिली. तो मोठा झाला, नोकरी केली, संसार केला. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि वोल्फ या दोन संशोधकांनी त्याचा प्रदीर्घ अभ्यास केला, आणि राग, भीती, चिंता यांनी जठरात काय काय बदलतं ते त्याच्या पोटावरच्या त्या वाटेतून पाहिलं. टॉम प्रत्येक घास आधी तोंडात घेऊन चावायचा, चव घ्यायचा आणि मग तो नरसाळ्यात थुंकून पोटात सोडायचा. थेट पोटात घातलेल्या अन्नाने त्याचं समाधान होत नसे. जेवण म्हणजे पोट भरणं एवढंच नव्हे, हे त्या माणसाला रोज तीन वेळा सोसावं लागलं.

नळी रुंद करूनही भागलं नाही तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. जठर वर ओढून किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा कापून छातीतून मानेपर्यंत नेतात आणि त्याची नवी अन्ननलिका करतात. पण आतड्याच्या त्या तुकड्याला गिळण्याची लाट नीट येत नाही. घास बराचसा आपल्या वजनाने खाली उतरतो. झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवावी लागते, नाहीतर खाल्लेलं वर येतं. आणि इतकं करूनही जळलेल्या जुन्या नळीत काही दशकांनी कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त राहतो. दोन वर्षांच्या पोराने चुकून घेतलेला घोट त्याच्या चाळिशीतही पिच्छा सोडत नाही.

मोठी माणसंही येतात. अंधारात पाणी समजून बाटली तोंडाला लावलेली, दारूच्या नशेत घोट घेतलेली. आणि दुःखाच्या एका असह्य क्षणी हाताला जे लागलं ते घेतलेलीही. त्या शेवटच्यांविषयी एवढंच सांगते की तसा क्षण पुष्कळदा टळतो आणि माणसाला पुन्हा जगावंसं वाटतं. पण तो टळायचा तर घरातल्या फडताळात तुमची बाटली नको. अशा अवस्थेत असलेल्या कोणीही, किंवा त्याच्या घरच्यांनी, 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. गिऱ्हाईक मागतं म्हणून देतो. कंपनीचं महाग पडतं, गरिबाला सुटंच परवडतं. घरात कुठे ठेवायचं ते त्यांनी बघावं. गरिबाची एवढी कणव असती तर एक कागदाची पट्टी आणि गोंद तुम्हाला जड झाला नसता. स्वस्त ॲसिड घेणाऱ्या त्या गरिबालाच पुढे दर पंधरा दिवसांनी रोज बुडवून इस्पितळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तुमच्याकडे त्याचे वाचलेले पैसे तो आमच्या दारी कितीतरी पटींनी मोजतो.

आणि कायदा नाही असं म्हणू नका. दिल्लीत 2005 मध्ये लक्ष्मी नावाच्या शाळकरी मुलीवर ॲसिड फेकलं गेलं. तिने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2013 रोजी आदेश दिला. ॲसिड विकायचं तर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती नेलं याची वहीत नोंद हवी. त्याचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पाहायला हवं. कशासाठी हवं ते विचारायला हवं. 18 वर्षांखालच्याला द्यायचं नाही. साठा प्रशासनाला कळवायला हवा. मोडलं तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. तुम्ही तुमच्या सोयीचा अर्थ लावून घेतला की हे सगळं ॲसिड फेकणाऱ्यांसाठी आहे, आपलं तर संडास धुण्याचं. चेहरा जाळणारं आणि गळा जाळणारं ॲसिड दोन वेगवेगळ्या कॅनमधून येतं का? तुमच्या दुकानात उधारीची वही चोख आहे. ही वही मात्र मला कुठल्याच दुकानात दिसलेली नाही.

अमेरिकेतही एके काळी हेच होतं. तिथल्या घरांत साबण करायला आणि मोऱ्या साफ करायला लाय नावाचा दाहक क्षार वापरत. किराणा दुकानात तो सर्रास मिळे, साखरेसारखा दिसे, पुड्यावर विषाची खूण नसे. शेव्हालियर जॅक्सन हे पिट्सबर्गचे घशाचे डॉक्टर अन्ननलिकेत दुर्बीण घालण्याच्या तंत्राचे आद्य जाणकार होते. त्यांच्यापुढे जळून आकसलेल्या नळ्यांची मुलं येत राहिली. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी अशा एका लहान मुलीची हकीकत लिहिली आहे. तिला आठवडाभर पाणीही गिळता आलं नव्हतं. जॅक्सननी नळीत अडकून बसलेला गोळा काढला. मुलीला पेलाभर पाणी दिलं. तिने भीत भीत एक घोट घेतला, तो परत आला नाही, मग दुसरा घेतला. त्यानंतर पेला हळूच बाजूला सारून तिने डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि त्याचं चुंबन घेतलं.

जॅक्सन तेवढ्यावर थांबले नाहीत. एकेक नळी मोकळी करत बसण्याने हे संपणार नाही, हे त्यांना कळलं होतं. डॉक्टरांच्या संघटनेला बरोबर घेऊन ते वर्षानुवर्षं राज्याराज्यांच्या विधिमंडळांत आणि मग वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत राहिले. 4 मार्च 1927 रोजी अध्यक्ष कूलिज यांनी दाहक विषांविषयीच्या कायद्यावर सही केली. दाहक पदार्थाच्या प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरात 'विष' असं लिहिणं आणि काय उपाय करावा ते छापणं सक्तीचं झालं. पुढे 1970 च्या कायद्याने लहान मुलांना उघडता येणार नाहीत अशी झाकणंही आली. त्यासाठी कोणी नवं औषध शोधलं नव्हतं. फक्त डब्यावर खरं लिहिलं. जवळजवळ 100 वर्षांपूर्वी तिथल्या किराणा दुकानदाराला जे करायला लागलं, ते तुम्ही आज करत नाही.

हे पत्र तुमच्या गिऱ्हाइकांच्याही हाती पडेल, म्हणून दोन गोष्टी त्यांना सांगते. ॲसिड किंवा कॉस्टिक पोटात गेलं तर उलटी काढू नका. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका. उलटीत तेच ॲसिड तीच नळी दुसऱ्यांदा जाळत वर येतं आणि श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसं जातात. ॲसिड मारायला चुन्याची निवळी किंवा खाण्याचा सोडा, कॉस्टिक मारायला लिंबू, असले प्रयोग करू नका. त्यातून आत उष्णता निर्माण होते आणि वायूही. ताक, तूप, कच्चं अंडं घशात ओतत वेळ घालवू नका. तोंड बाहेरून धुवा, अंगावर सांडलं असेल ते कपडे काढा आणि तडक इस्पितळात न्या. बाटली आहे तशी बरोबर घ्या. पोर रडायचं थांबलं, तोंडात काही दिसत नाही, म्हणून घरी थांबू नका. आणि बरं वाटू लागल्यावर दोन महिने तरी डॉक्टरांनी सांगितलेली एकही तारीख चुकवू नका. नळी त्याच दिवसांत आवळते.

घरात आज पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ॲसिड, फिनेल, रॉकेल, काहीही भरून ठेवलेलं असेल तर ते आजच तिथून हलवा. मूळ डब्यातच ठेवा, झाकण घट्ट लावा आणि पोराचा हात पोचणार नाही अशा उंचीवर कुलपात ठेवा. मोरीच्या कोपऱ्यात, बादलीमागे ठेवलेली बाटली रांगत्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर असते.

आणि तुमच्यासाठी, दुकानदार, एवढंच. सुटं ॲसिड विकणं बंद करा. कारखान्यातून सीलबंद आलेली, नाव, ताकद आणि विषाची खूण छापलेली बाटलीच विका, वहीत नोंद करून विका. मोकळी बाटली घेऊन कोणी आलं तर त्याला परत पाठवा, ते तुमचं कितीही जुनं गिऱ्हाईक असो. हे करायला तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. जोवर करत नाही, तोवर तुमच्या नरसाळ्यातून भरलेल्या प्रत्येक बाटलीचे आरोपी तुम्ही आहात.

— अन्ननलिकेवर उपचार करणारी एक डॉक्टर